शिपायाचं घर

कोल्हापूरजवळच्या उचगावच्या नेमगोंडा पाटलानं जैन मुनींची दीक्षा घेतली तेव्हा त्याचा मुलगा जिनगोंडा सातवीत होता. त्याला सगळे जिनू म्हणत. घरात कशाला कमी नव्हतं. विहिरीला पाणी होतं, ऊस उभा होता, धाकटा भाऊ आप्पासो कामाला वाघ होता. कुणाशी भांडण नव्हतं की अंगात दुखणं नव्हतं. तरी हा माणूस एकेक गोष्ट सोडत गेला. आधी गूळ सोडला, मग तूप, मग पायातलं पायताण, मग बाजार, मग हसणं. घरच्यांना वाटलं, खूळ आहे, उतरेल. ते उतरलं नाही. एका माघात मांडव पडला, लांबलांबून माणसं गोळा झाली, आणि सगळ्यांच्या देखत नेमगोंडानं स्वतःच्या हातानं डोक्याचे केस उपटले, अंगावरचं शेवटचं वस्त्र सोडलं आणि हातात मोरपिसांची पिंछी अन् कमंडलू घेऊन तो मुनींच्या संघाबरोबर चालू लागला.

लोकांनी जयजयकार केला. जिनूच्या आईच्या, रत्नाबाईच्या गळ्यात बायकांनी हार घातला. "भाग्याची गं बाई तू," म्हणाल्या. जिनूला कुणीतरी पुढं ढकललं, "पाया पड." तो पडला. वर बघितलं तर बाप त्याच्याकडं बघत होता, पण ते बघणं मांडवातल्या सगळ्यांकडं बघितल्यासारखंच होतं.

बाप मेला असता तर रडता तरी आलं असतं. इथं रडायची सोय नव्हती. गावात त्यांचं घर पुण्यवान ठरलं होतं. शाळेत नवीन मास्तर आले आणि 'वडील काय करतात' असं विचारू लागले की जिनू नुसता उभा राहायचा. मग मागून कुणीतरी सांगायचं, "सर, त्याचं वडील महाराज झाल्यात." सगळा वर्ग वळून बघायचा. वडिलांचं नावही आता बदललं होतं. ते नवं नाव जिनूच्या तोंडात कधी बसलं नाही. मनात तो त्यांना आण्णाच म्हणायचा.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात, जिनू सायकलनं जायचा त्या शाळेजवळ, बाळासो नावाच्या माणसानं आपलं सायकलचं दुकान मोडलं आणि मुंबईहून व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं आणून ठेवली. दाराला जाड पडदा, आत अंधार, उभ्या कपाटासारखी यंत्रं आणि त्यांचा कल्ला. शाळा सुटली की पोरं तिथं तुटून पडायची. जिनूला तिथं पहिल्यांदा नेलं ते माधवनं. माधव म्हणजे शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांचा मुलगा, जिनूच्या बाकावर बसणारा. घरी कळलं असतं तर मास्तरांनी त्याची चामडी लोळवली असती, पण माधवला त्या वयात भीती नावाची गोष्ट ठाऊक नव्हती.

दोन यंत्रांवर विमानं उडायची, ठो ठो करून फुटायची. तिसऱ्यावर वेगळंच होतं. त्यावरचं नाव घासून गेलेलं, म्हणून पोरं त्याला 'शिपाई' म्हणायची. पडद्यावर आधी काळोख यायचा, मग इंग्रजी ओळी उमटायच्या. माधव त्या मराठी करून वाचून दाखवायचा.

"लढाई संपली. शिपाया, आता घरी जा."

एवढीच सुरुवात. मग पाठीवर गाठोडं घेतलेला एक लहानसा शिपाई चालू लागायचा. वाटेत वेशी होत्या, आणि प्रत्येक वेशीवर कुणी ना कुणी आडवं यायचं. एका पुलावर राक्षस होता. एका रानात म्हातारा पाणी मागायचा. थांबून पाणी दिलं तर वेळ जायचा आणि मागून अंधार यायचा. न देता गेलं तर वाट सोपी व्हायची. प्रत्येक वेस ओलांडली की पुन्हा दोन ओळी उमटायच्या. 'तुझ्या गावचा वारा येतोय.' 'कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतंय.' शेवटची वेस मात्र अजून कुणीच ओलांडली नव्हती.

त्या यंत्राभोवती पोरांची भांडणं व्हायची. तालमीत जाणारा सयाजी म्हणायचा, "गोष्ट गेली खड्ड्यात. पुलावरचा राक्षस लोळवायचा, एवढंच खरं. मी लोळवला की अंगावर काटा येतोय बघ." माधवला ओळींचं वेड होतं. राजानं वेशी का बंद केल्या, लढाई कुणी लावली, हे त्या दोन-दोन ओळींतून जुळवत बसायचा. "पुस्तकात सगळं आधीच लिहिलेलं असतं," तो म्हणायचा, "इथं आपण गेल्याशिवाय पुढचं कळतच नाही."

जिनूची पाळी आली की तो म्हाताऱ्यापाशी थांबायचा. दरवेळी. सयाजी करवादायचा, "अरं, ह्यो पुन्हा पाणी पाजायला लागला! मरतोय बघ आता." आणि खरंच मागून अंधार यायचा, शिपाई मरायचा. जिनू पुन्हा नाणं टाकायचा, पुन्हा पहिल्या वेशीपासून चालायचा, पुन्हा म्हाताऱ्यापाशी थांबायचा.

"का थांबतोस लेका?" माधवनं एकदा परतताना विचारलं. "पुढं जायचं नाही का तुला?"

"जायचंय की," जिनू म्हणाला. "पण त्याला तसंच टाकून गेल्यावर ते घरी जाणं न्हवं."

माधव हसला नाही. हे जिनूला फार बरं वाटलं.

खरं म्हणजे जिनूला असल्या गोष्टीची सवय आण्णांनीच लावली होती. ऊस भरलेल्या गाडीवर बसवून ते गोष्ट सांगायचे आणि ऐन भरात आल्यावर बैलांचा कासरा ओढून गाडी थांबवायचे. "आता राजानं काय करावं? तू सांग." जिनू सांगेल तिकडं गोष्ट वळायची. त्यानं राजाला विहिरीत उतरवलं तर आण्णा विहिरीतली गोष्ट सांगायचे. चुकीचं सांगितलं तर राजा मरायचा, आणि जिनू गाल फुगवून बसला की आण्णा म्हणायचे, "बरं, चल, मागं जाऊ." गाडी पुढं आणि गोष्ट मागं. दीक्षेच्या आधीच्या वर्षात त्यांनी तेही सोडलं. गाडीवर नुसते बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजायचे.

बाळासोच्या दुकानाची बातमी लपून किती राहणार? आप्पासोकाकांनी एक दिवस जिनूला पडद्याबाहेर येताना बघितलं आणि सायकलसकट घरी आणलं.

"वहिनी, पोरगं वाया चाललंय. अंधारात उभं राहून चित्रं बघतंय. काय ठेवलंय रं तिथं?"

काका गेल्यावर आई चुलीपुढं बसली. रत्नाबाईचं माहेर निपाणीकडचं, कानडी मुलुखातलं, म्हणून जिनू तिला अव्वा म्हणायचा. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "कसली चित्रं असत्यात?"

"चित्रं न्हाईत अव्वा, गोष्ट हाय."

"मग सांग की."

त्यानं सांगितली. लढाई संपलेली, शिपायाची वाट, वेशी, म्हातारा. अव्वाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तव्यावरची करपली.

"घरात कोण असतंय त्याच्या?"

"कुणी बघितलंय? शेवटच्या वेशीपतोर कुणी गेलंच न्हाय."

अव्वानं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. "पोचला की मला सांग," म्हणाली. रागावली मात्र नाही. काकांनाही तिनं परस्पर गप्प केलं.

थंडीचे दिवस संपत आले तेव्हा जिनूचा हात असा बसला की म्हाताऱ्याला पाणी पाजूनही अंधार त्याला गाठेना. त्या दुपारी शाळेला अर्धी सुट्टी होती. बाळासो स्वतः गल्ला सोडून मागं येऊन उभा राहिला. सयाजी ओरडायचं विसरला. शेवटच्या वेशीवर शिपायासमोर शिपाईच उभा राहिला, अगदी त्याच्यासारखा, तेच गाठोडं, तीच टोपी. माधव कुजबुजला, "मारू नकोस. ओळ काय आहे बघ: 'हत्यार टाकशील?'" जिनूनं हत्यार टाकलं. समोरचा विरून गेला.

वेस उघडली. पलीकडं माळ, माळावर एक झाड आणि झाडाखाली घर. खिडकीत पिवळा उजेड. सगळं दुकान श्वास धरून बघत होतं. जिनूच्या हातातून यंत्राची दांडी घामानं निसटत होती. शिपाई चालत गेला, दारापाशी थांबला. दार उघडलं. आत नुसता उजेड होता. शिपाई आत शिरला, दार लागलं.

पडदा काळा झाला. मग ओळ उमटली. माधवनं ती वाचली, पण आवाज पडला होता.

"लढाई संपली. शिपाया, आता घरी जा."

आणि तोच शिपाई पहिल्या वेशीवर उभा. तेच गाठोडं. फक्त आता आडवे येणारे दुप्पट झाले होते आणि अंधार जवळ होता.

"म्हंजे?" सयाजी म्हणाला. "घरात कोण हुतं?"

"कुणी न्हाय," बाळासो म्हणाला. "असंच असतंय ह्यात. संपत न्हाय कधी. पुन्हा पहिल्यापासनं, जरा जोरात. मशिनवाल्यानं मला सांगितलं हुतं."

"भारी आहे की मग," माधव म्हणाला, पण जिनूच्या तोंडाकडं बघून थांबला. जिनूनं दांडी सोडून दिली होती. पडद्यावर शिपाई उभाच होता. अंधार आला आणि त्याला घेऊन गेला.

घरी अव्वा अंगणात शेणी थापत होती. त्याचा चेहरा बघूनच तिनं ओळखलं.

"पोचला व्हय शिपाई?"

जिनूनं सायकल भिंतीला लावली. पाठमोराच म्हणाला, "पोचला."

"मग?"

"दार उघडलं. पोरगं पळत आलं. त्यानं पोराला उचलून घेतलं."

"आणि बायकू?"

"दारातच हुती. हसत हुती."

शेणाचे हात तसेच ठेवून अव्वा जराशी हसली. दीक्षेनंतर जिनूनं तिला तशी हसताना बघितलं नव्हतं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला लगेच कळलं. पण सांगून झालं होतं.

त्याच आठवड्यात आप्पासोकाका बातमी घेऊन आले. संघ गावोगाव पायी विहार करत ह्या बाजूला येत होता. उचगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्काम, सकाळी गावात आहार आणि मग कागलच्या वाटेनं पुढं. संघात नेमगोंडा होते.

अव्वानं घर धुऊन काढलं. स्वयंपाकघराच्या भिंती सारवल्या, पितळी भांडी चिंचेनं लखलखीत केली. गव्हाचा दाणा न् दाणा निवडला. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, ओंजळीत. दारोदार लोक कलश घेऊन उभे राहतात. मुनी बस्तीतून निघतात ते मनात एक खूण धरून, आणि ती ज्या दारात जुळेल तिथंच थांबतात. कुठंच जुळली नाही तर उपाशी परत फिरतात. ती खूण कोणती, हे कुणाला सांगायचं नसतं. हे सगळं अव्वाला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "आपल्या दारात थांबतील बघ. माझं मन सांगतंय." आण्णांना आवडायची ती दुधी भोपळ्याची भाजी तिनं मिठाशिवाय केली, कारण मीठ त्यांनी सोडल्याचं कुणीतरी सांगितलं होतं.

सकाळी जिनू धुतलेलं धोतर नेसून तिच्या शेजारी दारात उभा राहिला. अव्वाच्या हातात नारळ ठेवलेला कलश होता. गल्लीत दोन्ही बाजूंना दारोदार माणसं उभी होती आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. मग आण्णा आले. आहाराला निघालेल्या मुनींच्या रीतीनं उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर पुढच्या जमिनीवर. जिनूला आधी ओळखू आले नाहीत. बरगड्या मोजता याव्यात असं अंग, उन्हानं काळवंडलेलं. चाल मात्र तीच होती, डावा पाय जरा बाहेर टाकणारी, उसाच्या सरीतून चालणारी.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु," अव्वा म्हणाली. "तिष्ठ, तिष्ठ." थांबा, थांबा.

पावलं दारासमोर आली. जिनूला वाटलं, मंद झाली. नजर जमिनीवरून कलशाकडं गेली, कलशावरून अव्वाच्या हाताकडं. मग पावलं पुढं गेली.

पुढच्या वळणावर बनाबाई नावाच्या म्हातारीचं घर होतं. तिच्या दारात ती आणि तिची नात एकाच कलशाला हात लावून उभ्या होत्या. तिथं ते थांबले. लोक तिकडं धावले. बनाबाईच्या रडण्याचा आवाज आला, आनंदाचा.

अव्वा कलश धरून तशीच उभी होती. जिनूनं तो तिच्या हातातून काढून घेतला तेव्हा तिची बोटं ताठ झाली होती.

"खूण जुळली न्हाई," ती म्हणाली.

"आपली जुळू नये अशीच धरली असंल त्यांनी. मुद्दाम."

"तसं बोलू नगंस. पाप लागतंय." आणि ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

दुपार कलल्यावर संघ निघाला. जिनूनं कुणाला न सांगता सायकल काढली. हायवेला ट्रक धुरळा उडवत होते आणि कडेनं ते चार-पाच मुनी आणि मागं काही श्रावक, म्हणजे संसारी भक्त, चालले होते. जिनू सायकल टाकून पळाला.

"आण्णा!"

मागचा एक माणूस वळला. "ए पोरा, महाराज म्हण. असं हाक मारत्यात व्हय?"

पण आण्णा थांबले होते. ते वळले. त्यांनी पिंछी उचलली, जशी ते कुणासाठीही उचलत. "धर्मवृद्धी होवो," म्हणाले. आवाज पुस्तकातल्यासारखा होता.

"आमच्या दारात का थांबला न्हाईसा?" जिनूनं विचारलं. त्याला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. बैलगाडीवरच्या गोष्टींचं विचारायचं होतं, आपलं काय चुकलं ते विचारायचं होतं. पण तोंडातून एवढंच आलं. "अव्वानं तुमच्यासाठी अळणी भाजी केलती."

एक ट्रक गेला, दुसरा गेला. पिंछीची पिसं वाऱ्यानं हलत होती. मग आण्णा हलक्या आवाजात बोलले आणि ह्या वेळी आवाज पुस्तकातला नव्हता.

"घरी जा. अव्वा जेवली नसंल अजून."

आणि ते चालू लागले. जिनू बघत राहिला. वळून बघतील असं त्याला वाटत होतं. ते वळले नाहीत.

तो घरी आला तेव्हा ऊन भिंतीच्या वर चढलं होतं. अव्वा सकाळी बसली होती तिथंच होती. भांडी झाकलेली होती, तशीच. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी अन्न तोंडात घालत नसे, म्हणजे आता उशीर केला तर ती उद्यापर्यंत उपाशी राहणार. जिनूनं ताट घेतलं, भात वाढला, भाजी वाढली आणि तिच्यापुढं बसला.

"जेव."

"भूक न्हाई."

"आण्णांनी सांगितलंय."

तिनं मान वर केली. "भेटले?"

"व्हय."

"काय म्हणाले?"

"अव्वा जेवली नसंल म्हणाले."

तिनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. जिनू वाट बघत बसला आणि मग दोन वर्षं पोटात ठेवलेलं त्यानं विचारलं.

"मांडवात तुला सगळ्यांसमोर विचारलं हुतं, परवानगी हाय का म्हणून. तू व्हय का म्हणालीस?"

बाहेर आप्पासोकाका म्हशींना पाणी दाखवत होते. बादलीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"न्हाई म्हटलं असतं तर ऱ्हायले असते," अव्वा म्हणाली. "ह्याच घरात. रोज माझ्याकडं बघून गप बसले असते. तसले दिवस मी आधी काढलेत की रं." तिनं भाताला हात लावला, मग थांबली. "आणि खरं सांगू? मला वाटलं, मी व्हय म्हटल्यावर तेच म्हणतील, ऱ्हाऊ दे, न्हाई जात. माझ्या तोंडाकडं बघतील आणि म्हणतील. मी डोळं मिटून व्हय म्हटलं आणि वाट बघत बसले."

"मग?"

"मग वाजंत्री सुरू झाली."

खिडकीतलं ऊन आता भिंतीवरून छताच्या वाशांवर गेलं होतं, पातळ झालं होतं. जिनूनं ताट तिच्याकडं आणखी सरकवलं. अव्वा अळणी भाजीशी भात कालवून भराभर खाऊ लागली, उजेड असेतोवर जेवढे घास जातील तेवढे. मधेच एकदा तिनं हात पुढं करून एक घास जिनूच्या तोंडात घातला. भाजीला चव नव्हती. दोघंही खात राहिली.